मामांची बटणाची पेटी

मुलगी किल्ली मागायला आली, की मामा भिंतीकडे तोंड करायचे. हात तेवढा मागे यायचा आणि हातात किल्ली. "घ्या. मी काही बघितलं नाही."

शनिवार पेठेतल्या आमच्या मुलींच्या शाळेत ते प्रयोगशाळेचे शिपाई होते. सॅनिटरी पॅडचं कपाट प्रयोगशाळेत, म्हणून किल्लीही त्यांच्याकडेच. कपाटाला कुलूप कशाला, असं आम्हा शिक्षिकांपैकी कुणी कधी विचारलं नाही. तुमच्याही शाळेत असे एखादे मामा असतील. आपण त्यांच्याशी कामापुरतंच बोलतो.

बोलणं तिरकस. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "या परीक्षानळ्या इतक्या जुन्या कशा?" मामा म्हणाले, "मीही जुनाच आहे, साहेब. आम्ही कुणीच अजून फुटलो नाही."

एकदा सातवीतली एक मुलगी किल्लीसाठी आली, तेव्हा आत नेमके पाहुणे होते. मधली सुट्टी संपेपर्यंत ती दाराशी उभी राहिली आणि न मागताच वर्गात गेली. पुढच्याच तासाला तिला फळ्याशी बोलावलं. कपड्यावरचा डाग सगळ्या वर्गाला दिसला, मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. नंतर पाच दिवस ती शाळेत आली नाही.

मामांनी तिला दाराशी पाहिलं होतं. "मला कळायला हवं होतं," एवढंच ते म्हणत राहिले.

त्याच आठवड्यात ते बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून एक छोटी मोटर घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, "कशाला हवी?" मामांनी सांगितलं, "फिरवायला." हे त्यांनी मला मोठ्या समाधानाने ऐकवलं.

प्लायवूडची पेटी, आत जाड तारेची लांब स्प्रिंग, बाहेर एक बटण. बटण दाबलं की मोटर स्प्रिंगला एक फेरा द्यायची आणि वेढ्यात अडकवलेलं पॅडचं एक पाकीट पुढे सरकून खालच्या कप्प्यात पडायचं. निदान पडावं, अशी अपेक्षा होती. कधी दोन पडायची, कधी एकही नाही. शाळा सुटल्यावर मामा तार वाकवत बसायचे आणि मला हाक मारायचे, "बाई, आता दाबा."

"चाललं की आता," मी एकदा कंटाळून म्हटलं.

"एकदा जरी अडकलं ना, तर ती मुलगी पुन्हा बटणाला हात लावणार नाही."

पेटी तयार झाली. मामा म्हणाले, स्वच्छतागृहात लावू. मी पर्यवेक्षिका होते, निर्णय माझा होता. मुली खेळत बटणं दाबतील, मोडतोड होईल, जाब मला विचारतील, अशी भीती वाटली. म्हटलं, "ऑफिससमोर लावू. लक्ष राहील."

मामा म्हणाले, "बाई, कुणाचं लक्ष राहू नये म्हणून तर केली."

तरी पेटी ऑफिससमोरच लागली. फीत कापली, फोटो निघाले. बटण मात्र कुणी दाबेना. दाबलं की मोटर घरघरणार आणि येणारेजाणारे वळून बघणार. मामांनी मोटरखाली रबर बसवून आवाज कमी केला. तरीही मुली पेटीसमोरून मान खाली घालून जायच्या.

निवृत्तीच्या दिवशी, निरोपाची भाषणं चालू असताना, ते पेटी पुसत होते. मी जवळ गेले. ते बटण पुसत राहिले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी इमारतीला रंग दिला, तेव्हा पेटी उतरवावी लागली. परत लावताना सुताराने विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, "आत, स्वच्छतागृहात." इतकं सोपं होतं ते. पहिल्याच आठवड्यात पेटी दोनदा भरावी लागली. कुणी काही मोडलं नाही.

हे सांगायला मी बिबवेवाडीला त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. "अहो, ते गेले ना उन्हाळ्यात. शाळेत कळवायचं राहूनच गेलं."

मी कशीबशी बसले. पेटीचं बोलले, तर त्यांनी विचारलं, "कसली पेटी?" घरी मामांनी काहीच सांगितलं नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. त्या डोळे पुसत ऐकत होत्या, मधेच हसत होत्या.

"मुली वापरतात, हे ह्यांना कळलं होतं का हो?"

"नाही. परवानगीला वेळ लागला."

परवानगी कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांनी दिलेला चहा प्यायले आणि निघाले.