निळ्या कोपऱ्यातली हरकत

नातीचे बॉक्सिंगचे ग्लोव्हज गॅलरीत वाळत पडले, की त्यांच्या आंबट वासाने मला वर्तकनगरच्या सभागृहातील ती लढत आठवते. जिल्हा संघातली तिची जागा त्या लढतीवर ठरणार होती आणि मी पाण्याची बाटली व टॉवेल घेऊन तिच्या निळ्या कोपऱ्यात मदतनीस म्हणून उभा होतो. समोरची मुलगी मूठ न वळता उघड्या पंजाने फटके मारत होती. हा सरळसरळ फाउल असूनही पंच गप्प होते. तेव्हा मी दोरीपाशी जाऊन खिशातल्या नियमपुस्तिकेतून संबंधित नियम पोटनियमासह, खणखणीत आवाजात वाचून दाखवला. पंचांनी लढत थांबवून नातीचाच एक गुण कापला, कारण फेरी चालू असताना कोपऱ्यातून बोलणे हाही फाउल असून त्याची शिक्षा खेळाडूला होते. “आरोपीचे म्हणणे ऐकून न घेता?” मी विचारले. “काका, अजून एक कापू का?” पंच म्हणाले. विश्रांतीत नात धापा टाकत म्हणाली, “आबा, तिचा एकही ठोसा लागला नाही मला. तुमचाच लागला.” तरी ती थोडक्यात जिंकली आणि संघात गेली. पुढच्या लढतीआधी तिने दातांवर बसवायचा आपला जुना माउथगार्ड माझ्या हातावर ठेवला. “आज हा तुम्ही घाला.” तो अजून माझ्या टेबलावर आहे, त्या निर्णयावरची माझी हरकतही कायम आहे.