जांभळाचे चूर्ण आणि डाळीचा डबा

देगलूरच्या साऱ्या सोयऱ्यांत माझ्या मेहुण्याने एक गोष्ट पसरवली आहे : दाजींनी ताईच्या साखरेच्या गोळ्या बंद केल्या आणि तिला जांभळाच्या बियांच्या चूर्णावर ठेवले. ही गोष्ट साफ चुकीची आहे. खरे काय घडले ते मी लिहून ठेवतो.

बिलोलीजवळच्या आमच्या शेताच्या बांधावरचे जांभूळ माझ्या हातचे आहे. फळाला रंग देणारी द्रव्ये शरीरातल्या पेशींची झीज रोखण्यास हातभार लावतात, असे मी वर्तमानपत्रात वाचले होते आणि पारावर बसणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलेही होते. नांदेडच्या दुकानात प्लॅस्टिकच्या डबीत निळी विदेशी फळे दिसली, तेव्हा आमचे जांभूळ यांच्यापेक्षा काय कमी, म्हणून मी दुकानदाराशी वाद घातला. बिया वाळवणे, कुटणे, वस्त्रगाळ करणे, रोज सकाळी चमचाभर चूर्ण पत्नीच्या हातावर ठेवणे, हे सारे मी केले. तिची साखर उतरली तेव्हा श्रेयही चूर्णालाच दिले. गोळ्या बंद कर, असे मात्र मी एकदाही म्हटले नाही.

गेल्या वर्षी तिच्या टाचेची जखम भरेना. नांदेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासले.

"गोळ्या चालू आहेत ना?"

ती टाचेकडे बघू लागली. चूर्णाचे मीच सांगितले. डॉक्टर माझ्याकडे वळले. "काका, जांभळं खुशाल खाऊ द्या, चांगलीच आहेत. पण ते फळ आहे, गोळीची जागा घेत नाही. पाय वाचवायचा आहे ना?"

घरी आल्यावर तिने तुरीच्या डाळीच्या डब्यात हात घातला आणि गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या काढून माझ्यासमोर ठेवल्या.

"का केलंस हे?"

"माझा भाऊ जेवताना काय बोलला, आठवतं? 'दाजी, ती गोळीची करामत हाय, तुमच्या भुकटीची न्हाई.' सगळे हसले. म्हटलं, गोळ्या सोडून दाखवावं. तुमचं खरं ठरलं असतं."

फुशारकी माझी होती, टोमणा मेहुण्याचा होता, आणि दोन्हींची झळ तिच्या पायाला बसली होती. त्याने आपल्या गोष्टीत एवढी दुरुस्ती करून घ्यावी.

गोळ्या आणि रोजची मलमपट्टी यांनी जखम हळूहळू भरली. आता सकाळी मी तिच्या हातावर गोळी ठेवतो आणि ती गिळेपर्यंत समोरून हलत नाही.

"आन् चूर्ण?" परवा तिने विचारले. "बरणी भरून हाय की."

"ते मी खाईन."

"तुम्हाला कुठं साखर हाय?"

मी चमचा तोंडात घातला. जीभ आक्रसली, घसा धरला, पाणी पिऊनही तुरटपणा जाईना. इतकी वर्षे मी ते कधी चाखलेच नव्हते.

"लई कडू लागतं का?" ती म्हणाली आणि पाण्याचा दुसरा तांब्या पुढे केला.