माह्यासंग कोनी बोलत नाही

मास्तरकीत किस्से कसे साठतात ते कळतच नाही. आम्ही चार मॅडम डबा उघडून बसलो की एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरीचा सुरू! पण यंदाचे माझे किस्से सांगताना हसू येतं आणि वाईटही वाटतं. सगळे एकाच चिठ्ठीपायी घडले.

शेलूबाजारजवळच्या आमच्या शाळेत तक्रारपेटी लागली. महिनाभर कुणी तिला हातही लावला नाही. एका शनिवारी मी मुख्याध्यापकांकडे किल्ली मागितली. सर दचकलेच.

"मॅडम, पेटी लावाचं आदेशात होतं. उघडाचं कुठं होतं?"

तरी उघडली. खिचडीत मीठ नाही, फॅन फिरत नाही, गणिताचे सर लय शिकवतात! हसत हसत वाचत होते, तोच शेवटची चिठ्ठी हातात आली. अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं. "मी सातवीत आहो. माह्यासंग कोनी बोलत नाही. दिवाळीनंतर मी शाळेत येनार नाही." खाली नाव नाही.

सातवी म्हणजे माझाच वर्ग! दिवाळीच्या सुट्टीला तीन आठवडे उरले होते.

* * *

सोमवारी वर्गात अगदी गोड आवाजात विचारलं, "आपल्या वर्गात असं कुणी आहे का, ज्याच्याशी कुणीच बोलत नाही?"

सगळे चिडीचूप. मग पहिल्या बाकावरच्या प्रज्ञाने हात वर केला.

"मॅडम, तुमी! तुमी आल्या का सारे चूप होतात!"

वर्ग खदाखदा हसला. मीही हसले. हसणाऱ्यांत कोण हसत नाही, हे बघायचं मात्र त्या गडबडीत राहूनच गेलं. अजून त्याची चुटपुट लागते.

* * *

मग डोकं लढवलं! शुद्धलेखन घातलं आणि उताऱ्यात हळूच एक वाक्य घुसवलं, "माझ्याशी कोणी बोलत नाही." जो "माह्यासंग" लिहील, तोच आपला चिठ्ठीवाला!

वह्या घरी नेऊन तपासल्या. बत्तीसपैकी एकोणीस जणांनी "माह्यासंग" लिहिलं होतं. मीच शिकवलेली पोरं, बोलणार कुणाला?

* * *

पुढच्या आठवड्यात सम्यक दोन दिवस आला नाही. मागच्या बाकावर एकटा बसणारा पोरगा. माझा धीर सुटला. मधल्या सुट्टीत स्कूटी काढली आणि थेट त्यांचं शेत गाठलं. तो आईसोबत विळ्याने सोयाबीन सोंगत होता.

मी धापा टाकत विचारलं, "बाळा, तुझ्याशी कुणी बोलत नाही का रे?"

त्याची आई विळा घेऊन उभी राहिली. "आवं मॅडम, हा इतका बोलते का काम होऊन नाही राह्यलं! घेऊन जा याले!"

"आणि शाळेत कुणाशी बोलतोस?" मी विचारलं. त्याने मान खाली घातली आणि पुन्हा सोंगायला लागला.

* * *

आमचा मॉनिटर वैभव. खिचडीच्या पंगतीत तो एखाद्याकडे बोट दाखवतो आणि "सरका रे!" म्हणतो, की अख्खी ओळ त्या पोरापासून हातभर लांब सरकते. एक दिवस ती एका मुलीपासून सरकली. मी धावत गेले.

"काहून रे?"

"मस्करी हाय मॅडम!"

मुलीकडे पाहिलं. तीही घाईघाईने म्हणाली, "मस्करीच हाय मॅडम!" तिच्या ताटातली खिचडी तशीच होती. मला त्या रात्री झोप लागली नाही.

* * *

सुट्टीला दोन दिवस उरले तेव्हा मी हात टेकले. वर्गात ती चिठ्ठी वाचून दाखवली आणि सांगून टाकलं, "ज्याने ती चिठ्ठी लिहिली, त्याने पेटीत फक्त नाव टाकावं. मी कुणालाही सांगणार नाही."

शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर पेटी उघडली. आत अकरा चिठ्ठ्या होत्या. अकराही सातवीच्या, प्रत्येकीवर वेगळं नाव, आणि प्रत्येकीत एकच गोष्ट, "ती चिठ्ठी माहीच आहे."

पहिली प्रज्ञाची होती.

सगळ्यात खाली वैभवची. "मॅडम, ते चिठ्ठी मीच लिहेल होती. पोरांईले सांगू नका, हासतीन."