दुधाच्या कट्ट्यावर बारा पोरी

आमच्या शाळेत मुलींना खेळाचा तास होता, खेळ नव्हता. त्या तासाला आम्ही रुमालावर फुलं भरायचो. सत्तर सालच्या आसपास भूगोलाच्या नव्या बाई आल्या. त्यांनी पदर खोचला, गळ्यात शिट्टी अडकवली आणि आम्हाला खो-खोला जुंपलं. भूगोल तेवढा मागं पडला. त्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही.

जिल्ह्याचे सामने तोंडावर आले आणि मी मैदानात चक्कर येऊन पडले. पळण्यात माझा हात धरणारी शाळेत कुणी नव्हती. त्यामुळं बाईंचं धाबं दणाणलं.

"सकाळी काय खाल्लंस?"

"चहा."

"घरी म्हैस नाही?"

"हाय की. चार हाईत."

"मग दूध कुठं जातं?"

दूध कट्ट्यावर जायचं. रोज संध्याकाळी आबा, म्हणजे माझे वडील, म्हशी घेऊन पेठेतल्या चौकात जायचे आणि तिथंच धार काढून पैलवानांना उभ्या उभ्या पेले भरून द्यायचे. उरलेलं थोरल्या भावाला. तो तालमीत जायचा. आजवर त्यानं एकही कुस्ती मारली नव्हती, पण खुराकात खंड पडू दिला नव्हता.

त्याच संध्याकाळी बाई आम्हा बारा जणींना घेऊन कट्ट्याकडं निघाल्या.

"बाई, नको. आबा हाईत तिथं."

"मग दूध चांगलंच असणार," बाई म्हणाल्या.

कट्ट्यावर बाईमाणूस कधी फिरकत नसे. पैलवान पेले हातात धरून नुसते बघत राहिले. "बारा पेले द्या, पावणं," बाई आबांना म्हणाल्या. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायची आबांना सवय नव्हती. मान वर न करता त्यांनी धार काढली, माझ्या हातात पेला दिला आणि माझेसुद्धा पैसे बाईंकडून घेतले. आमच्याच म्हशीचं दूध मी असं पहिल्यांदा पोटभर प्यायले. काय सांगू, नाकाला फेस लागला होता तो पुसायचंही भान नव्हतं!

घरी आल्यावर मात्र आबांनी मान वर केली. "बाप्यांच्यात उभी ऱ्हाऊन दूध पितीस? उद्यापासनं खेळ बंद!" मी रडले, आदळआपट केली, जेवले नाही. सामने तर गेलेच, आता पळणंही कायमचं संपलं!

दुसऱ्या दिवशी बाई घरी हजर.

"पोरगी पुन्हा कट्ट्यावर येणार नाही, माझा शब्द. पण तिला खेळायला पाठवायचं आणि घरी रोज एक पेला दूध द्यायचं."

"आन न्हाय दिलं तर?"

"तर रोज घेऊन येते. काल बारा होत्या, उद्या सगळा वर्ग."

आबांनी पान लावलं, सावकाश चावून संपवलं आणि आत तोंड करून आईला म्हणाले, "दे गं हिला एक पेला."

आई रोज सकाळी पेला भरायची. मी निम्म्यावर आले की म्हणायची, "थांब. ऱ्हाऊ दे तेवढं." थोरल्यासाठीच असणार, दुसरं काय! माझं डोकंच फिरायचं. एकदा मी मुद्दाम मागं वळून बघितलं. दाराकडं पाठ करून ती स्वतःच गटागटा पीत होती. चारी म्हशींचं शेणघाण आणि वैरणपाणी तीच बघायची. त्यानंतर तिनं 'थांब' म्हणायच्या आतच मी थांबायला लागले.

सामने पेठ वडगावला होते. अंतिम सामन्यापर्यंत गेलो आणि हरलो. शेवटच्या डावात माझे पाय गळाले आणि मी बाद झाले. परतताना एस.टी.त बाई शेजारी येऊन बसल्या.

"दूध पीत होतीस ना?"

"निम्मं."

"निम्मं? आणि बाकीचं भाऊ?"

"न्हाय. आई."

"मला सुचलंच नाही गं," बाई म्हणाल्या. "मी एकच पेला मागितला."

गाडीतून उतरल्यावर त्या स्वतःच्या घरी गेल्या नाहीत. माझ्याबरोबर तडक आमच्या दारात आल्या. आबा घरासमोरच्या ओट्यावर बसले होते तिथून उठलेच, यांना बघून. बाई म्हणाल्या, "तुम्ही बसा. हिच्या आईला बाहेर बोलवा."