चंद्राच्या रंगाचं लोखंड

ठिणगीकाकांचा एकही शर्ट धड नव्हता. शुक्रवारी आमच्या अबू धाबीच्या घरी जेवायला येताना ते ठेवणीतला शर्ट घालत, पण त्यालाही पोटावर बारीक बारीक भोकं असायचीच. मुसफ्फ्याच्या कारखान्यांच्या वस्तीत ज्या वर्कशॉपमध्ये बाबा फोरमन होते, तिथे काका वेल्डर. भोकं वेल्डिंगच्या ठिणग्यांची, म्हणून ठिणगीकाका हे नाव मीच ठेवलेलं. "शर्ट न्हाई गं पोरी, चाळण हाय ही," असं म्हणून ते स्वतःच हसत आणि आईकडे आणखी आमटी मागत.

मूळचे ते पाटणकडचे लोहार. त्यांच्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, कोयते पंचक्रोशीत नावाजलेले. काका बावीस वर्षांचे होईपर्यंत आबांसमोर घण मारत होते. पण तापलेल्या पात्याला पाणी द्यायची, म्हणजे ते पाण्यात बुडवून कडक करायची वेळ आली की आबा म्हणत, "बाहेर हो आन दार वढून धर." धार टिकणार की पातं तडकणार, हे त्या पाण्यावरच ठरतं. नेमकी तीच विद्या आबा लपवतात, पोटच्या पोरावर त्यांचा विश्वास नाही, असं काकांच्या मनानं घेतलं. एक दिवस कडाक्याचं भांडून ते निघाले, ते थेट इकडे. सात वर्षं बापलेकांत अबोला. आबांची नजर अधू झाली, भट्टी बंद पडली, असं बहिणीचं पत्र आलं, तेव्हा आईनं जपून विषय काढला. "खलास, वहिनी," एवढंच म्हणून काका ताटात बघत बसले.

त्या काळी टीव्हीवर अरबीत डब केलेली जपानी कार्टून लागायची. जुन्या नामांकित तलवारींचं एक होतं, त्याची मी व्हिडिओ कॅसेट करून ठेवली होती. शाळेत अरबी होतं म्हणून मी काकांना अर्थ सांगायची. निम्मा तरी ठोकून द्यायची. लढायांचा त्यांना कंटाळा. तलवारीतून वीज निघाली की म्हणत, "हबीबी, शॉक बसंल." पण लोहाराचा प्रसंग आला की खुर्ची सोडून सतरंजीवर येऊन बसत. भट्टीभोवती बांधलेला पवित्र दोर बघून एकदम खूश झाले. "आमी बी खंडेनवमीला ऐरण पुजतो," म्हणाले.

एका शुक्रवारी त्यांनी मला तोच तुकडा तीनदा मागे घ्यायला लावला. आधी पडदाभर नुकताच उगवलेला तांबूस चंद्र, मग दारं-खिडक्या लावून केलेल्या काळोखात तापलेलं पातं, मग पाणी.

"चांद कशापायी दावला?"

"काका, इट्स जस्ट द मून. फॉर ब्यूटी."

"उगा न्हाई दावला. चांदाचा रंग बघ आन पात्याचा बघ. लोखंड त्या रंगावर आलं की पाण्यात घालायचं. उजेडात रंग गवसत न्हाई, म्हणून काळोख."

मग अगदी हळू म्हणाले, "आबाला काळोख पायजे हुता. मला वाटलं, माझ्यापास्नं लपवतोय." भर दुपारी, आमच्या सतरंजीवर बसून तो धिप्पाड माणूस रडला. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी कॅसेट बंदच केली.

पुढे मोठेपणी वाचलं, की पात्याचा रंग चंद्रासारखा व्हायला हवा, असं जपानी लोहार खरोखरच मानत. चित्रकारांनी ती जुनी खूण चित्रात ठेवून दिली होती. ती कॅसेट मी शंभरदा पाहिली असेल, पण मला चंद्रच दिसला. काकांची आठवण आली की अजून त्याची लाज वाटते.

"साहेब, सुट्टी द्या. आबाला एक इचारायचं हाय," असं बाबांना सांगून काका गावी गेले, ते परत आलेच नाहीत. दोन महिन्यांनी पत्र आलं. आईनं ते मोठ्यानं वाचलं:

"आबाला इचारलं, लपवलं का? तर म्हणाले, लपवलं कुठं? दाराला आतून कडी न्हवती. उजेडाची चीर आली तरी पातं वाया जातं. दार धराया भरवशाचा माणूस लागतो. वहिनी, भट्टी परत पेटवली. आता आबाला रंग दिसत न्हाई, म्हणून पाणी मी देतो. दार ते धरत्यात."