आईची फोडणीची पळी

कंपनीत रोज सकाळी सेफ्टीची शपथ मी म्हणतो आणि सगळी लाईन माझ्यामागून म्हणते. त्याच तोंडानं हे सांगायची लाज वाटते.

मला भामा नदीवर गळ टाकायचा नाद. गळाला लावायची शिशाची वजनं विकत कशाला घ्यायची, फाउंड्रीत रोज धातूच ओततो की आपण, असं म्हणत महाळुंग्याच्या टायरवाल्या चाचांकडून चाकं बॅलन्स करायला लावतात ती शिशाची जुनी वजनं आणली. साचा उन्हात वाळवला. बूट, हातमोजे, चष्मा, सगळं अंगावर चढवलं. आणि शिसं वितळवायला घेतलं कशात, तर आईच्या फोडणीच्या पळीत! वा रे शहाणा. आई ओरडेल म्हणून पळी घासून लख्ख केली आणि होती त्या खिळ्याला अडकवली. शिसं पोटात जाऊ नये हे ठाऊक नव्हतं म्हणायलाही तोंड नाही. त्याचं पोस्टर कंपनीत मीच चिकटवलंय.

महिन्याभरानं पुन्हा वजनं ओतायला पळी काढली, तर दांड्याच्या रिव्हेटपाशी शिशाचा बारीक मणी चिकटलेला. बायकोला पाचवा महिना होता. तिला चव लागावी म्हणून आई रोज त्याच पळीत लसणाची फोडणी देत होती.

पळी मी गुपचूप नेऊन डब्यात घालून पुरली. आईनं घर पालथं घातलं आणि खापर सुनेवर फोडलं. एक पळी जपता येत नाही, पोर काय जपणार, इथवर बोलली. बायको भाकऱ्या थापत राहिली. पळी कुठं आहे हे ठाऊक असून मी तिथंच बसून जेवत होतो.

तिसऱ्या दिवशी तपासणीला गेलो. डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, काही त्रास? बायको नाही म्हणाली. तेव्हा मात्र राहवेना. खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

बाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "आईंचं बोलणं मी सोसलं असतं. पण हे सांगायला तुम्ही दोन दिवस लावले?"

तिच्या रक्तात शिसं निघालं. थोडं होतं, पुढं उतरत गेलं. घरी आईलाही सगळं सांगितलं; तिला सुनेची माफी मागावी लागली, आणि तीही माझ्यामुळं.

पोरगी आता दोन वर्षांची आहे, ठणठणीत. घरात पळी नवी आहे. तरी बायको तेल घालण्याआधी ती उजेडात धरून रिव्हेटपाशी बघते. मी समोर बसलेला असलो तरी बघते.