निरगुडीच्या बांधातला सदरा

परदेशात एक सपाट शेपटीचा प्राणी दातांनी झाडं तोडून ओढ्यात बांध घालतो, हे प्रशिक्षणात पडद्यावर दाखवलं होतं. धुळे तालुक्यात तो प्राणी नाही, म्हणून ते काम आमच्या बचत गटातल्या बायकांनी केलं. नाला दरवर्षी खोल जात होता आणि काठचं कुरण वाळत चाललं होतं. उन्हाळ्यात आम्ही निरगुडीचे ओले खुंट ठोकले, त्यांत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या विणल्या, फटींत माती भरली. एकाखाली एक असे बांध, थेट पांझरा नदीपर्यंत. पाणी अडवायचं नव्हतं, फक्त धावू द्यायचं नव्हतं.

पावसाळ्यात नाल्याचा आवाज गेला. पूर्वी तो घरात ऐकू यायचा. आता पाणी गवतातून पसरायचं, आणि काठावर उभं राहिलं तरी काही ऐकू यायचं नाही.

श्रावणाच्या सुरुवातीला शेजारचे नाना वारले. दहाव्यानंतर मेलेल्याचा एक कपडा वाहत्या पाण्यात सोडायची आमच्याकडे रीत आहे. तो पांझरेतून तापीला लागला की माणूस सुटला. नानांचा पांढरा सदरा नाल्यात सोडून सगळे मागे न बघता घरी आले. दुसऱ्या दिवशी अक्का, म्हणजे नानांची बायको, शेळ्या घेऊन गेल्या, तर सदरा पहिल्याच बांधाला टेकून उभा. बाह्या पसरलेल्या.

मी तो काठीने बांधापलीकडे ढकलला. सकाळी तो पुढच्या बांधाला होता. तिथून ढकलला, तर त्याच्या पुढच्या. गटातली एक म्हणाली, नाना जिवंतपणीही प्रत्येक चहाच्या टपरीवर थांबायचे. कुणी हसलं नाही.

नाना अडकलेत, बांध मोडा, असं अक्कांनी सांगितलं. सदरा रिक्षाने नेऊन तापीत सोडते म्हटलं, तर पाण्याबाहेर काढलेला चालत नाही म्हणाल्या. मी त्यांना त्यांच्याच विहिरीचं वाढलेलं पाणी दाखवलं. ते पाणी भरणं त्यांनी बंद केलं. शेवटी, पोळ्यापर्यंत सदरा गेला नाही तर बांध मी स्वतः मोडीन, असं कबूल केलं.

मग मोठा पाऊस झाला आणि सदरा दिसेनासा झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी खात्री करायला अक्कांबरोबर गेले. बांधामागे गुडघाभर गाळ साचला होता. त्या गाळातून एक बाही वर आली होती. आत आमचा खुंट फुटला होता आणि बाहीच्या तोंडातून पालवी बाहेर पडली होती. निरगुडीच्या पानाला पाच बोटं असतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी बघवलं नाही.

कुदळ मी सोबत नेली होती.

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. "त्यास्ले जानंच नही शे."

बांध राहिले. कुरण भरलं. शेळ्या निरगुडी खात नाहीत, म्हणून तर आम्ही ती निवडली होती. त्या खुंटाभोवतीचं गवतही त्या खात नाहीत. ते का, मला सांगता येत नाही. अक्का पुन्हा विहिरीचं पाणी भरतात. जाताना त्या बांधापाशी थांबतात आणि चहा ठेवलाय म्हणून सांगून येतात.